एकटीच्या मापाची गोधडी

माझ्या गोधडीचं माप चुकलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या सोसायटीत आता सगळे तेच धरून बसलेत, की मुक्ताकाकूंचं माप चुकलं आणि बिचाऱ्या काकांनी ते निस्तरलं. माप बरोबर होतं. एका माणसाच्या अंगावर येईल, पायाखाली थोडी दुमडता येईल आणि दुसऱ्या माणसाला तिच्यात शिरता येणार नाही, असं ते माप होतं. मुद्दाम होतं.

दुसरा माणूस म्हणजे माझा नवरा, दत्तप्रसाद. आम्ही दोघंही यवतमाळकडचे. लग्नानंतर यांच्या नोकरीसाठी पुण्याला आलो, धनकवडीला फ्लॅट घेतला आणि इथलेच झालो. हे चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू हातात घ्यायच्या, मोजायच्या, माप बसलं नाही की लाल खडूनं फुली मारून बाजूला ठेवायच्या, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतकं मन लावून केलं की निवृत्त झाल्यावर कारखाना तिकडे राहिला आणि तपासणी खातं आमच्या घरी राहायला आलं. तसं ते आधीपासूनच रात्रपाळीला यायचं, आता पूर्ण वेळ आलं.

पोळीचा काठ, चहाचा रंग, ओट्यावरच्या डब्यांचा क्रम, बहिणीशी फोनवर मी किती बोलले, सगळं तपासलं जातं. आवाज मात्र कधी चढत नाही. बाहेर यांना सगळे सज्जन म्हणतात आणि ते आहेतही. दारू नाही, तंबाखू नाही, हात कधी उगारला नाही. मी कुणापाशी तक्रार करायला तोंड उघडलं की समोरची बाई नेमकं हेच मला ऐकवते आणि माझं तोंड बंद होतं. ज्या नवऱ्याबद्दल कुणी वाईट बोलू शकत नाही, त्याच्याशी संसार करून बघावा एकदा.

पोळी आणि चहाचं मी चालवून घेतलं असतं. मला असह्य झाला होता तो रात्रीचा अहवाल. दिवा मालवला, पांघरूण ओढलं की हे छताकडं बघत सुरू करतात. वरणात हिंग कमी होता. गॅसचं बटण नीट फिरवलं नव्हतंस, मी फिरवलं. शालनताईंना आपल्या घरचं सगळं सांगायची गरज नाही. सृष्टीला फोनवर तू जरा जास्तच सल्ले देतेस. एकेक गोष्ट शांतपणे, सावकाश. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "मी रागावत नाहीये हं, फक्त सांगतोय." एवढं म्हणून कूस बदलतात आणि लगेच घोरायला लागतात. मी अंधारात हिंगाचा विचार करत पडून राहते.

सुरुवातीला मी उत्तरं देत होते. मग काही वर्षं रडत होते. मग हुं म्हणायला शिकले. सगळ्यात वाईट तेच झालं.

मुलगी सृष्टी लग्न होऊन बाणेरला गेली आणि तिची खोली रिकामी झाली. एक पलंग, एक कपाट आणि टेकडीकडची खिडकी. एका सकाळी नाश्त्याच्या वेळी मी यांना सरळ सांगितलं, की मी उद्यापासून सृष्टीच्या खोलीत झोपणार आहे.

"झोप लागत नाही का? बी ट्वेल्व्ह तपासून घेऊ," हे म्हणाले.

"झोपेला काही झालेलं नाही. तुमचा अहवाल ऐकून झोपायचं नाहीये मला."

हे हसले. खरंच त्यांना गंमत वाटली. "अगं, दोन शब्द बोलतो मी, तेवढंच."

"ते दोन शब्दच नकोत."

"बघू," म्हणाले आणि पेपर उघडला. आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

मला त्याच रात्री उशी उचलून जाता आलं असतं. पण ते रुसून गेल्यासारखं झालं असतं, आणि रुसलेल्या बाईला दोन दिवसांनी समजूत घालून परत आणायचं असतं हे आपल्याकडं सगळ्यांनाच पाठ असतं. यांनी आणलंही असतं, गजरा घेऊन. मला रुसून जायचं नव्हतं. मला तिकडे राहायला जायचं होतं, स्वतःचं अंथरूण-पांघरूण घेऊन, शांत डोक्यानं. म्हणून मी ठरवलं की आधी माझ्यापुरती एक गोधडी शिवायची. आणि तेही मी लपवलं नाही. चहाचा कप हातात देताना स्पष्ट शब्दांत सांगितलं, "मी माझी गोधडी शिवतेय. ती झाली की मी त्या खोलीत झोपणार."

"शीव की," हे म्हणाले. "वेळ चांगला जाईल."

कपडे मी माझे काढले. मऊ झालेल्या सुती साड्या, सृष्टीचा एक पिवळा कुडता, आणि खालच्या मजल्यावरच्या शालनताईंनी दिलेली त्यांची पांढरी साडी, निळ्या काठाची. दर चौदा एप्रिलला नेसून नेसून ती दुधाच्या सायीसारखी मऊ झाली होती. शालनताई महापालिकेतून निवृत्त झाल्यात, एकट्या राहतात आणि त्यांच्या पलंगावर त्या आडव्या झोपल्या तरी विचारायला कुणी नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा. हे बोलायचं नसतं, पण वाटायचा.

हे कपड्यांचा ढीग बघायला आले. "माझा एकही शर्ट नाही यात?"

"नाही," मी म्हटलं.

आता नमुन्याचं सांगते. माझ्याकडं नमुना नव्हता आणि मला तो नको होता. माहेरी आई गोधडी शिवायची ती डोळ्यांनी बघून. मी वर्तमानपत्राचा चौकोन कापायचे, त्याला घड्या घालायचे आणि घडीच्या रेषांवरून काय निघतंय ते बघायचे. पहिला चौकोन केला तो स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीचा, कारण आयुष्यात सगळ्यात जास्त वेळ मी तिच्याकडंच बघितलंय. तिरक्या पट्ट्या, आणि एक पट्टी वाकलेली, कारण आमच्या जाळीची एक सळई वाकलेली आहे. दुसरा केला गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा. गोल कापायला जमेना, म्हणून कागदाला घडीवर घडी घालून कोपरे छाटले. अष्टकोन निघाला. लांबून गोलच दिसतो. मार्केट यार्डात भाजी आणायला जाते तिथल्या ताडपत्री बांधलेल्या ट्रकची मागची बाजू केली, करड्या साडीवर दोऱ्यांच्या फुल्या. कागदाचे तुकडे कापडावर ठेवायचे, चारी बाजूंनी बोटभर माया सोडायची, म्हणजे शिवणीत आत जायला जास्तीचं कापड, आणि कापायचं. माया सोडली नाही तर शिवून झाल्यावर चौकोन लहान होतो आणि शेजारच्याशी जुळत नाही.

माझा सगळ्यात आवडता चौकोन होता कात्रजच्या घाटातल्या वळणाचा. त्यातली पहिली पट्टी माझ्या हातून एका टोकाला निमुळती कापली गेली. चुकली म्हणून टाकणार होते. पण दुसरी पट्टी तिला लावून बघितली तर रस्ता वळायला लागला. मग मी सगळ्याच तशा कापल्या. प्रत्येक पट्टीबरोबर रस्ता थोडा थोडा वळत गेला आणि चौकोनाच्या कडेला जाऊन दिसेनासा झाला. मी किती तरी वेळ त्याच्याकडं बघत बसले. बरोबर की चूक हे ठरवणारी मी एकटीच होते, आणि मी म्हटलं बरोबर. असं या घरात पूर्वी झालं नव्हतं.

मग तपासणी खातं जागं झालं. आधी यांनी इंटरनेटवरून छापून आणलेले नमुने आले, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून. मी ते फोल्डर सृष्टीच्या कपाटावर टाकले. मग स्टीलची पट्टी आली. मग एक दिवस बघते तर हे खुर्चीवर बसून माझ्या चौकोनाला व्हर्नियर कॅलिपर लावतायत. कापडाला. ते यंत्र लोखंडाचे नटबोल्ट मोजायचं असतं.

"डावीकडं तीन सूत कमी आहे," हे म्हणाले.

"रस्ता आहे तो. वळतो."

"रस्ता वळू दे. चौकोन चौकोनात पाहिजे."

मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि आंघोळीला गेले. परत येऊन बघते तर पलंगावर मांडलेल्या चौकोनांपैकी ज्यांची मापं यांना पटली नव्हती त्यांच्यावर लाल खडूच्या फुल्या. घाटावर होती, कुरडयांवर होती, जाळीवरही होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओल्या केसांनी मी सुई घेऊन बसले, तिच्यात लाल दोरा ओवला आणि त्या फुल्या जिथं होत्या तिथंच, खडूच्या रेघेवरून, टाक्यांनी पक्क्या केल्या.

संध्याकाळी हे बघून म्हणाले, "हे काय?"

"तुमच्या फुल्या."

"अगं, काम दुरुस्त केल्यावर फुली पुसायची असते."

"मी दुरुस्त करणार नाहीये."

यांना ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्यानंतरही अधूनमधून फुली पडायची आणि मी ती शिवून टाकायचे. खरं सांगायचं तर गोधडीवर त्या फुल्या दिसत होत्या छान.

चौकोन जोडले, मध्ये जुन्या साड्यांचे थर घातले, खाली अस्तर लावलं आणि धावदोरा घालायला सुरुवात केली. दुपारी शालनताई वर येऊन दुसरं टोक ताणून धरायच्या. एकदा गोधडीभोवती फिरून सगळं बघितल्यावर त्या म्हणाल्या, "मुक्ता, तू गोधडी शिवतेयस की कुंपण घालतेयस?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"मग उंची कमी पडतेय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा टोक ताणून बसल्या.

शेवटचा कोपरा मी उघडा ठेवला. माझ्या माहेरी तशी रीत आहे. गोधडी पूर्ण बंद करायच्या आधी तिच्या पोटात भाकरीचा किंवा पोळीचा घास घालायचा आणि मगच शेवटचा टाका. आई म्हणायची, "तिले उपाशी ठेवू नको बाई. ज्याच्या आंगावर जाईन त्यानंच घास द्यावा." घास देईल त्याची ती गोधडी. इतर कुणाच्याही अंगावर घातली तरी ती असते त्याचीच. मला हा घास घाईघाईत द्यायचा नव्हता. ज्या दिवशी त्या खोलीत पहिल्यांदा झोपेन त्याच दिवशी द्यायचा होता.

तेवढ्यात यवतमाळला भाच्याचं लग्न निघालं. हे गुडघ्यामुळं आले नाहीत. मी गोधडी घडी घालून, उघड्या कोपऱ्यात सुई टोचून सृष्टीच्या कपाटात ठेवली आणि गेले. परत आल्यावर पिशवी खाली ठेवून पहिलं ते कपाट उघडलं. गोधडी नव्हती.

"आहे, जपून आहे," हे म्हणाले. "रविवारी कळेल."

रविवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. सृष्टी आणि जावई अनिरुद्ध जेवायला येणार होते, शालनताईंनाही बोलावलं होतं. यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता, काहीतरी लपवलंय आणि ते सांगायची घाई झालीय असा. मला वाटलं ड्रायक्लीनिंगला टाकली असेल. मी विचारत राहिले, हे हसत राहिले. ते हसू बघून माझं डोकं फिरत होतं, पण घरात पाहुणे यायचे होते आणि पुरण शिजत होतं.

जेवणं होत आली तेव्हा हे आतून एक मोठं पुडकं घेऊन आले, चकचकीत कागदात बांधलेलं. सृष्टीनं लगेच फोन काढून शूटिंग सुरू केलं. यांनी घसा साफ केला.

"आईनं हौसेनं गोधडी केली," हे सृष्टीकडं बघून म्हणाले. "मेहनत भरपूर घेतली. फक्त माप थोडं चुकलं होतं. एकाच माणसाला पुरेल एवढी झाली होती. आता मेहनत वाया कशाला घालवायची? आपल्या चौकातल्या शंभू टेलरकडून दुरुस्त करून आणली."

मी कागद फाडला. माझी गोधडी मधोमध होती आणि तिच्या चारी बाजूंनी हातभर रुंद आकाशी पट्टा होता. तो रंग मी झोपेतही ओळखला असता. वर्षानुवर्षं मीच तो धुतला होता, कॉलर घासली होती, इस्त्री केली होती. यांच्या कारखान्याचे गणवेशाचे शर्ट. ज्यातून मी यांना बाहेर ठेवलं होतं तिथं हे चारी बाजूंनी येऊन बसले होते. एका पट्ट्यावर तर खिसा तसाच होता.

"बाबा, हे तुमचे कंपनीचे शर्ट्स?" सृष्टी म्हणाली. "किती क्यूट. मला रडू येतंय."

"एकदम सॉलिड रिवर्क, बाबा," अनिरुद्ध म्हणाला.

शालनताई माझ्याकडं बघत होत्या.

मी गोधडी जमिनीवर पसरली आणि नीट बघितली. पट्टे सरळ बसावेत म्हणून शंभूनं माझ्या कडा कापून सरळ केल्या होत्या. कडेचा घाटाचा चौकोन अर्धा छाटला गेला होता, आणि नेमका वळणाचा भाग. आता तिथं एक नुसता सरळ रस्ता होता, कुठंच न वळणारा. आणि माझा उघडा ठेवलेला कोपरा जाड नायलॉनच्या दोऱ्यानं मशीनवर दाबून बंद केलेला होता. गोधडी उपाशीच शिवून टाकली होती.

"आई, तुम्ही दोघं मिळून पांघरा ना," सृष्टी फोन सरसावत म्हणाली. "एक फोटो."

हे लगेच सोफ्यावर बसले आणि शेजारची जागा थोपटली.

"ही झाली की मी कुठं झोपणार, असं तुम्हाला सांगितलं होतं?" मी विचारलं.

"अगं, ते आत्ता कशाला?"

"म्हणजे आठवतंय."

"आठवतंय, म्हणूनच तर..." एवढं बोलून हे थांबले. त्या क्षणापर्यंत मला कुठंतरी वाटत होतं की यांनी ऐकलं नसेल, यांना कळलं नसेल, बिचारे प्रेमानं करायला गेले असतील. तसं नव्हतं. मी कप हातात देताना बोललेला शब्द न् शब्द यांनी नीट ऐकला होता, आणि मग शर्ट काढून दिले होते.

मी उठले. टीव्हीखालच्या कप्प्यातून यांचा लाल खडू काढला आणि आकाशी पट्ट्यावर फुली मारली. चारी बाजूंना, मोठी. खिशावरसुद्धा. मग शिवणाच्या डब्यातून कात्री आणली, पट्ट्याला एका कडेला छेद दिला आणि दोन्ही हातांनी फाडला. टेरिकॉट फाटताना मोठा आवाज होतो. शेजारच्या ब्लॉकमध्येही ऐकू गेला असेल, आणि सोसायटीतल्या गप्पा तिथूनच सुरू झाल्या असतील.

"आई, काय करतेयस?" सृष्टीचा फोन खाली आला. "बाबांनी किती प्रेमानं केलंय."

"प्रेमानं केलं असेल. मला विचारून नाही केलं."

"मुक्ता, चारचौघांत हे बरं दिसत नाही," हे हळू आवाजात म्हणाले. "आपण नंतर बोलू."

"नंतर म्हणजे दिवा मालवल्यावर ना? ते बोलणं बंद व्हावं म्हणूनच मी ही शिवली."

"कसलं बोलणं?" सृष्टीनं विचारलं.

मग मी तिला सांगितलं. हिंग, गॅसचं बटण, शालनताईंशी बोललेलं, तिच्याशी बोललेलं. तिच्या जन्माच्या आधीपासून रोज दिवा मालवल्यावर मी काय ऐकत आलेय ते सगळं. आज रात्री काय असेल तेही सांगितलं, की पुरण जरा सैल झालं होतं, जावयाला दुसरी पोळी वाढताना तूप आधी घातलंस आणि शालनताईंना बसायला मोडकी खुर्ची दिलीस. हे काही बोलले नाहीत, म्हणजे यादी बरोबर निघाली असावी. अनिरुद्ध पाणी प्यायला आत गेला आणि आतच राहिला.

"मी कधी रागावलोय का?" हे सृष्टीला म्हणाले. "विचार आईला. एकदा तरी आवाज चढवलाय? मी फक्त सांगतो."

"नाही, तुम्ही कधीच रागावला नाहीत," मी म्हटलं. "मी रागावलेय. आणि मी फक्त सांगत नाहीये."

दुसऱ्या बाजूचा पट्टा फाडला. घाईत कात्री नीट चालत नव्हती आणि पट्टा वाकडातिकडा फाटला. शिवणीलगत दोन बोटं आकाशी कापड राहिलं. तिसऱ्या बाजूला गोधडी नुसती सरकायला लागली, फाडायला जोर मिळेना. तेव्हा सृष्टी खाली बसली. तिनं फोन सोफ्यावर ठेवला आणि गोधडीचं दुसरं टोक दोन्ही मुठींत धरून ताणलं.

"दहावीला प्रत्येक पेपरनंतर माझ्या खोलीच्या दारात उभे राहायचे," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "काय काय चुकलं असेल ते सांगायला. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं."

मी तिसरी बाजू फाडली आणि मग चौथी. यांनी अडवलं नाही. सोफ्यावर बसून राहिले, हात मांडीवर, आणि फाटलेले शर्ट जमिनीवर पडले होते त्यांच्याकडं बघत होते. मला दया आली नाही असं म्हणणार नाही. आली. पण मला दया आली की नेहमी मी हुं म्हणते, म्हणून मी यांच्याकडं बघायचं थांबवलं.

चारी कडांना ती दोन बोटं आकाशी कापड तसंच राहिलं होतं. ते उसवायला गेले तर माझे चौकोनच सुटले असते, कारण शंभूनं माझी माया कापून टाकली होती. शालनताईंनी वाकून कड चाचपली. "राहू दे तेवढं," त्या म्हणाल्या. "आत दुमड, काठ होईल." मी राहू दिलं.

मग कोपरा. नायलॉनचा दोरा सुईच्या टोकानं एकेक टाका उचलून तोडला आणि हात जाईल एवढं तोंड उघडलं. टेबलावर माझं ताट तसंच होतं. पुरण त्यातून बाहेर यायला नको म्हणून साध्या पोळीचा एक तुकडा तोडला, घडी घातली आणि गोधडीच्या पोटात खोल सरकवला. सुईत दोरा ओवला. शालनताईंनी न सांगता दुसरं टोक धरलं.

"मुंग्या लागतील," हे सोफ्यावरून म्हणाले.

मी मान वर केली नाही.

"लागू देत," मी म्हटलं. "माझ्या खोलीत लागतील."

आणि शेवटचा टाका घालून दोरा दातांनी तोडला.